सदिश कसा दिसावा, हे कुणी ठरवायचं?

एकाच पानावर एकच सदिश (व्हेक्टर) तीन रूपांत दिसतो, असं टिपणांत आणि प्रबंधांत नेहमी आढळतं. विधानात तो ठळक अक्षर असतो. आकृतीशेजारी त्याच अक्षरावर बाण येतो. आणि खाली सॉफ्टवेअरने काढून दिलेलं उत्तर येतं ते आडव्या ओळीत, साध्या कंसात, स्वल्पविरामांनी तोडलेलं. चुकीचं यातलं काहीच नाही. पण वाचणाऱ्याला दर वेळी मनातल्या मनात विचारावं लागतं, हा तोच ना? गणित मुळातच भरपूर लक्ष मागतं. त्यातलं थोडं लक्ष चिन्हं ओळखण्यात खर्ची पडावं, हे मला पटत नाही.

यामागे निष्काळजीपणा क्वचितच असतो. हाताने लिहिलेला भाग लेखकाच्या सवयीने उमटतो, आणि यंत्राने लिहिलेला भाग ती प्रणाली घडवणाऱ्यांनी कधीतरी ठरवलेल्या पद्धतीने. दोन हात, दोन वळणं. ती एकाच वळणावर आणता येतात, पण त्यासाठी यंत्र आपल्याला नेमकं काय लिहून देतंय, हे एकदा उघडून पाहावं लागतं. यंत्र म्हणजे इथे सेज आणि सिमपाय ही पायथन भाषेत चालणारी गणिती सॉफ्टवेअर; त्यांचं उत्तर छपाईसाठी लेटेक या मांडणी-प्रणालीच्या कमांडांत मिळतं. (कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत.)

ठळक अक्षर आणि बाण हा वाद संगणकापेक्षा जुना आहे. मॅक्सवेलने १८७३ साली विद्युत आणि चुंबकत्वावरच्या ग्रंथात सदिशांसाठी जर्मन वळणाची गॉथिक अक्षरं वापरली. ऑलिव्हर हेविसाइडला ती अजिबात आवडत नसत. त्याने क्लॅरेंडन नावाचा ठळक टंक धरला. गिब्जच्या येल विद्यापीठातल्या व्याख्यानांवरून विल्सनने १९०१ साली जे पाठ्यपुस्तक तयार केलं, त्यातही सदिश ठळकच आहेत. छापखान्यात ठळक खिळे होते, म्हणून हे जमलं. पेनाने किंवा खडूने ठळक अक्षर काढणं जिकिरीचं, म्हणून हस्ताक्षरात बाण आणि अधोरेखा टिकल्या. काही जण अक्षराखाली नागमोडी रेघ ओढतात. मुद्रितशोधनातही नागमोडी रेघेचा अर्थ ‘हे ठळक करा’ असाच आहे. आज आयएसओ ८००००-२ हे मानक ठळक आणि तिरपं अक्षर सांगतं, बाणालाही मुभा देतं. गणिताच्या पुष्कळ पुस्तकांत मात्र ठळक आणि उभं अक्षर असतं. यातलं काय निवडायचं, हा ज्याच्या त्याच्या विषयाचा आणि परंपरेचा प्रश्न आहे. निवडलेलं शेवटपर्यंत पाळणं महत्त्वाचं.

आता सेजकडे वळू. तीन घटकांचा सदिश बनवून त्यावर ‘लेटेक’ हे फंक्शन चालवलं, की परत येणारी ओळ अशी असते: बॅकस्लॅश लेफ्ट, साधा कंस, एक, स्वल्पविराम, बॅकस्लॅश स्वल्पविराम, दोन, पुन्हा तेच, तीन, बॅकस्लॅश राइट, कंस. या छोट्याशा ओळीत चार निर्णय आधीच घेऊन टाकलेले आहेत. सदिश आडवा लिहायचा. कंस साधे. कंसांचा आकार आतल्या मजकुराबरोबर वाढवायचा. आणि घटकांमध्ये स्वल्पविरामानंतर थोडी जास्तीची जागा सोडायची.

शेवटच्या निर्णयाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून तोच आधी घेतो. गणिताच्या मजकुरात टेक ही लेटेकच्या मुळाशी असलेली प्रणाली स्वल्पविरामानंतर आपणहून एक पातळ जागा सोडते, एमचा (एम म्हणजे साधारण अक्षराच्या आकाराएवढी रुंदी) सहावा भाग. सेज त्यावर बॅकस्लॅश-स्वल्पविराम लिहून तेवढीच आणखी एक जागा घालतं. म्हणजे एकूण एमचा तिसरा भाग. दहा पॉइंटच्या अक्षरात सुमारे ३.३ पॉइंट. हाताने टाइप केलेल्या (१, २, ३) मध्ये याच्या निम्मी जागा असते. दोन्ही एकाच ओळीत आले की यंत्राचा सदिश किंचित विस्कटलेला दिसतो, आणि तसा का दिसतो ते चटकन सांगता येत नाही.

कंस बदलणं त्यातल्या त्यात सोपं. सेजच्या ‘लेटेक’ या वस्तूवर ‘व्हेक्टर अंडरस्कोर डिलिमिटर्स’ नावाची मेथड आहे. तिला डावा आणि उजवा असे दोन कंस दिले, की त्या सत्रातले पुढचे सगळे सदिश त्या कंसांत येतात. मॅट्रिक्ससाठी ‘मॅट्रिक्स अंडरस्कोर डिलिमिटर्स’ ही वेगळी मेथड आहे. एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही, हे विसरलं की सदिश चौकटी कंसात आणि मॅट्रिक्स साध्या कंसात असा नवाच गोंधळ होतो. कंस बदलण्याचं कारणही पक्कं आहे. साध्या कंसातली (१, २) ही प्रतलावरचा बिंदू असू शकते, विवृत अंतराल असू शकते, क्रमित जोडी असू शकते. ज्या लेखात बिंदू आणि सदिश दोन्ही आहेत, तिथे सदिशाला चौकटी किंवा टोकदार कंस दिले की निम्मा गोंधळ संपतो.

टोकदार कंस देताना हमखास एक चूक होते. डावीकडे ‘एल-अँगल’, उजवीकडे ‘आर-अँगल’, दोघांच्याही आधी बॅकस्लॅश. साध्या अवतरणचिन्हांत हे लिहिलं, तर डावा कंस नीट येतो आणि उजवा मोडतो. लेटेक ‘मिसिंग डिलिमिटर’ अशी तक्रार करतं आणि पानावर ‘अँगल’ हा शब्द तिरप्या अक्षरांत सांडलेला दिसतो. दोष पायथनच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणचिन्हांतल्या मजकुरात आहे. तिथे बॅकस्लॅश आणि आर ही जोडी म्हणजे ‘कॅरेज रिटर्न’ हे अदृश्य चिन्ह. ते कमांडचं पहिलं अक्षर गिळून टाकतं. बॅकस्लॅश-एल या जोडीला पायथनमध्ये काही खास अर्थ नाही, म्हणून डावी बाजू वाचते. याच कारणाने ‘व्हेक’ मोडतं, कारण बॅकस्लॅश-व्ही म्हणजे उभा टॅब. ‘बीएम’ मोडतं, कारण बॅकस्लॅश-बी म्हणजे बॅकस्पेस. ‘न्यू’, ‘टेक्स्ट’, ‘फ्रॅक’, ‘अल्फा’ यांचीही तीच गत. ‘मॅथबीएफ’ मात्र सहीसलामत सुटतं, आणि त्यामुळेच ही चूक बराच काळ ध्यानात येत नाही. उपाय एका अक्षराचा: अवतरणचिन्हाआधी आर लावून कच्ची स्ट्रिंग लिहायची. लेटेकचा कोणताही तुकडा पायथनमध्ये लिहिताना आर लावायची सवयच करून घ्यावी.

कंस नकोच असेल तर मोकळी स्ट्रिंग देण्याचा मोह होतो. तीही चालत नाही. ‘लेफ्ट’नंतर टेकला काहीतरी कंस लागतोच, तो सापडला नाही तर पुढचा आकडाच कंस समजून तो अडखळतो. तिथे नुसतं पूर्णविरामाचं टिंब द्यायचं. टिंब म्हणजे अदृश्य कंस.

‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ या जोडीचे आणखी दोन परिणाम आहेत. तिच्या आतल्या मजकुराची ओळ तुटत नाही, म्हणून परिच्छेदातला बारा घटकांचा सदिश सरळ समासाबाहेर जातो आणि लॉगमध्ये ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ हा इशारा येतो. दुसरं म्हणजे फंक्शनच्या नावाला लागून असा सदिश आला, तर नाव आणि कंस यांच्यात नको असलेली फट पडते. फटीवर ‘एम-लेफ्ट-राइट’ हे पॅकेज चांगला उपाय आहे. लांब सदिश मात्र स्वतंत्र ओळीवरच मांडलेला बरा. त्यातही घटक दशांश अपूर्णांकांत असतील, तर आधी ‘एन’ ही मेथड ‘डिजिट्स’ ४ देऊन चालवावी. नाहीतर दर घटकामागे पंधरा-पंधरा अंक येतात आणि कोणताही कंस त्यांना सावरू शकत नाही.

खरी अडचण उभ्या सदिशाची. रेषीय बीजगणितात सदिश म्हणजे स्तंभ, हा बहुतेकांचा संकेत. मॅट्रिक्सने डावीकडून गुणायचं तर तो उभाच हवा. सेज सदिश नेहमी आडवा छापतं आणि तो उभा करणारी सेटिंग देत नाही. ‘कॉलम’ ही मेथड लावली की सदिशाचं तीन बाय एकचं मॅट्रिक्स होतं आणि ते उभं छापलं जातं. पण हे मॅट्रिक्स ‘अरे’ या एन्व्हायर्नमेंटमध्ये येतं, उजवीकडे सरळ लावलेलं, दोन्ही बाजूंना ‘अरेकॉलसेप’ची जागा धरून, नेहमीच्या क्लासमध्ये (दस्तऐवजाच्या साच्यात) ती पाच पॉइंट असते. एएमएसमॅथ या पॅकेजचं ‘पीमॅट्रिक्स’ ही बाजूची जागा काढून टाकतं आणि आकडे मध्यावर लावतं. त्यामुळे हाताने लिहिलेला स्तंभ आटोपशीर, तर यंत्राचा स्तंभ ढगळ कपड्यातला. शेजारी शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच डोळ्यांत भरतो.

आकडे कुठे सरळ लावायचे यावर माझं मत स्पष्ट आहे: पूर्णांक उजवीकडे. एक, उणे दोन, तीन असा स्तंभ मध्यावर लावला, तर उणे चिन्हामुळे दोन हा आकडा उजवीकडे सरकतो आणि स्तंभ वाकडा दिसतो. ‘मॅथटूल्स’ पॅकेजमध्ये ‘पीमॅट्रिक्स’चं तारांकित रूप आहे. त्याला चौकटी कंसात आर दिला, की आकडे उजव्या कडेला एका रेषेत येतात. पण घटक अक्षरी राशी असतील, तर मध्यच बरा. अपूर्णांक असतील तर उंचीही पाहावी लागते, कारण मॅट्रिक्सच्या आत अपूर्णांक बारीक होऊन बसतात आणि वरच्याचा छेद खालच्याच्या अंशाला जवळपास टेकतो. ‘अरेस्ट्रेच’ १.३ केलं किंवा ओळ तोडणाऱ्या दोन बॅकस्लॅशनंतर चौकटी कंसात चार पॉइंट लिहिले, की श्वास घ्यायला जागा होते.

सेजची सेटिंग आणि लेटेकची सेटिंग अशा दोन ठिकाणी रूप ठरवत बसण्यापेक्षा मला पुढची रीत पसंत आहे. यंत्राला कंस, जागा, मांडणी यातलं काहीही ठरवू द्यायचं नाही. त्याने फक्त एवढंच लिहावं, की हा स्तंभ सदिश आहे आणि हे त्याचे घटक. त्यासाठी सेजमध्ये चार ओळींचं फंक्शन पुरतं. ते सदिशाच्या प्रत्येक घटकाचं लेटेक रूप घेतं, त्यांच्यामध्ये दोन बॅकस्लॅश घालून जोडतं, पुढे आपल्या कमांडचं नाव (‘कॉलव्हेक’ म्हणू) आणि महिरपी कंस लावतं, आणि सगळं ‘लेटेक एक्स्प्र’ या प्रकारात गुंडाळून परत करतं. दस्तऐवजाच्या प्रीॲम्बलमध्ये (मजकुराआधीच्या सेटिंगच्या भागात) ‘न्यूकमांड’ने ‘कॉलव्हेक’ची व्याख्या एकदाच: एक आर्ग्युमेंट, आणि ते तारांकित ‘पीमॅट्रिक्स’मध्ये ठेवायचं. हाताने लिहितानाही तीच कमांड वापरायची. मग हाताचा आणि यंत्राचा सदिश वेगळा ओळखूच येत नाही, आणि उद्या चौकटी कंस हवे झाले तर बदल एका ओळीत होतो.

या फंक्शनात दोन ठिकाणी पाय घसरतो. ओळी जोडणारी स्ट्रिंग कच्ची नसेल, तर दोन बॅकस्लॅशचा एकच उरतो आणि तिन्ही घटक एकाच ओळीत चिकटून येतात. आणि ‘लेटेक एक्स्प्र’ न लावता साधी स्ट्रिंग परत केली, तर सेज तिला गणित न समजता मजकूर समजतं आणि तशीच छापायला जातं.

दस्तऐवजात हे सगळं आणायला सेजटेक हे सेज आणि लेटेक जोडणारं पॅकेज आहे. फंक्शनची व्याख्या ‘सेजसायलेंट’ एन्व्हायर्नमेंटमध्ये, दस्तऐवजाच्या अगदी सुरुवातीला. परिच्छेदात ‘सेज’ या कमांडच्या कंसात फक्त फंक्शनचं नाव आणि सदिश. बॅकस्लॅश असलेला मजकूर थेट ‘सेज’ कमांडच्या कंसात लिहू नये. लेटेक तो आपलाच समजून आधी उलगडायला जातं. क्रम तीन पायऱ्यांचा: लेटेक चालवा, तयार झालेली ‘सेजटेक डॉट सेज’ फाइल सेजने चालवा, पुन्हा लेटेक चालवा. मधली पायरी राहिली की सदिशाच्या जागी दोन प्रश्नचिन्हं दिसतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या नोटबुकमध्ये मात्र प्रीॲम्बल नसतं. तिथे गणित दाखवणाऱ्या मॅथजॅक्सला ‘कॉलव्हेक’ माहीत नाही, म्हणून ते नाव लाल अक्षरांत तसंच उमटतं. सेजची ‘ॲड अंडरस्कोर मॅक्रो’ ही मेथड वापरून तीच व्याख्या तिथे द्यावी लागते. तारांकित ‘पीमॅट्रिक्स’ तिथे ओळखलं गेलं नाही, तर नोटबुकपुरतं साधं ‘पीमॅट्रिक्स’ चालतं.

सिमपायची वृत्ती वेगळी. तिथे मॅट्रिक्सला एक यादी दिली की ती मुळातच स्तंभ होते आणि चौकटी कंसात छापली जाते. छपाईच्या फंक्शनला ‘मॅट अंडरस्कोर डेलिम’ देऊन कंस बदलतात आणि ‘मॅट अंडरस्कोर सिम्बल अंडरस्कोर स्टाइल’ ठळक केली की मॅट्रिक्सची अक्षरी नावं ठळक होतात. साध्या चिन्हांचं रूप ‘सिम्बल अंडरस्कोर नेम्स’ या शब्दकोशातून ठरवता येतं, आणि मी तोच मार्ग सुचवेन. कारण सिमपाय नावाच्या शेपटीवरूनही रूप ठरवतं: नाव ‘व्हेक’ने संपलं तर बाण, ‘हॅट’ने संपलं तर टोपी, ‘बार’ने संपलं तर आडवी रेघ. सोय छान आहे, पण इंग्रजी ‘दॅट’ची अक्षरं नाव म्हणून दिली तर टोपी घातलेला टी छापून येतो.

यामिकीच्या कामात एकक सदिश येतात. सिमपायच्या ‘सिमपाय डॉट व्हेक्टर’ विभागात ते ठळक आणि टोपीवाले असतात, पण आयवरचं टिंब टोपीखाली तसंच राहतं. ‘फिजिक्स डॉट व्हेक्टर’ विभागातल्या ‘रेफरन्सफ्रेम’ला ‘लेटेक्स’ नावाचं आर्ग्युमेंट आहे. त्यात तिन्ही अक्षांची हवी ती रूपं देता येतात. तिथे बिनटिंबाचा आय, म्हणजे ‘आयमॅथ’, आणि बिनटिंबाचा जे, ‘जेमॅथ’, द्यावा.

इथून आपण लेटेकच्याच एका जुन्या खोडीपाशी येतो. ‘मॅथबीएफ’ सगळ्यांना ठळक करतं हा समज चुकीचा आहे. लहान ग्रीक अक्षरांवर त्याचा काही परिणाम होत नाही, कारण ती ठराविक फॉन्टला बांधलेली असतात. कोनीय वेगाचा ओमेगा ‘मॅथबीएफ’मध्ये घातला तर तो बारीकच राहतो, तेही कोणत्याही इशाऱ्याविना. मोठा ओमेगा मात्र ठळक होतो. बिनटिंबाचा आयही बारीकच राहतो, पण त्यावरची टोपी ठळक होते. बारीक देहावर जाड टोपी. यावर ‘बीएम’ हे पॅकेज घ्यावं, फॉन्टची सगळी पॅकेजेस घेऊन झाल्यावर. त्याची ‘बीएम’ कमांड ग्रीक, लॅटिन, चिन्हं सगळ्यांना ठळक करते आणि तिरपं अक्षर तिरपंच ठेवते, म्हणजे मानकालाही धरून. फॉन्ट जास्त झाले की ‘टू मेनी मॅथ अल्फाबेट्स’ ही चूक येते, कारण टेककडे गणिती फॉन्टचे सोळाच गट असतात. ‘बीएम’ घेण्याआधी ‘बीएममॅक्स’ची व्याख्या शून्य केली की बहुतेकदा सुटका होते. युनिकोड-मॅथ हे पॅकेज वापरणाऱ्यांनी ‘बीएम’च्या वाटेला जाऊ नये, तिथे ‘सिमबीएफआयटी’ आहे, किंवा ‘बोल्ड-स्टाइल’ आयएसओ ठेवून नुसतं ‘सिमबीएफ’.

बाणच हवा असेल, तर ‘व्हेक’चा बाण ठराविक लांबीचा असतो, हे ध्यानात ठेवावं. एकट्या व्हीवर तो शोभतो. एबी या रेषाखंडाच्या सदिशावर मात्र मधोमध उगाच तरंगत राहतो. ‘ओव्हरराइटॲरो’ लांबी जुळवतं, पण त्याचं टोक जाड आणि एकट्या अक्षरावर अवजड. ‘ईएसव्हेक्ट’ पॅकेजची ‘व्हीव्ही’ कमांड दोन्ही ठिकाणी नेटकी दिसते. पॅकेज घेताना ए ते एच यातलं एक अक्षर देऊन बाणाचं टोक निवडता येतं, आणि खालच्या पादांकासाठी तिचं तारांकित रूप आहे, ज्यात पादांक बाणाखालून दूर पळत नाही.

‘व्हेक’चीच व्याख्या बदलून टाकावी का? मी टाळतो. काही प्रकाशकांच्या क्लासमध्ये ती आधीच ठळक अक्षराकडे वळवलेली असते आणि मग कोणाचा बदल कोणावर चढला हे शोधत बसावं लागतं. स्वतःची ‘व्हेक्ट’ अशी नवी कमांड करावी आणि तिच्या आत ‘बीएम’ किंवा ‘व्हीव्ही’ ठेवावं. सेजमध्ये चिन्ह बनवताना ‘व्हार’ फंक्शनच्या ‘लेटेक अंडरस्कोर नेम’मध्येही हीच कमांड द्यावी. मग अक्षरी सदिश आणि घटकांचा सदिश दोघांचंही रूप प्रीॲम्बलमधल्या दोन शेजारशेजारच्या ओळींत राहतं.

मोठं काम सुरू करण्याआधी एक चाचणी पान छापून बघावं. त्यावर एवढंच असू द्या: लहान ओमेगा, टोपीवाला आय, एबीवरचा बाण, उणे आकडा असलेला एक स्तंभ, अपूर्णांकांचा एक स्तंभ, शून्य सदिश, आणि एकच सदिश दोनदा, एकदा हाताने लिहिलेला, एकदा सेजने. पान चारशे टक्के मोठं करून आधी ओमेगाची जाडी बघायची, मग उणे चिन्हाखालचे आकडे एका रेषेत आहेत का ते. शेवटी त्या दोन सदिशांच्या कंसांची उंची आणि कंस व आकडे यांतली फट जुळवून पाहायची.